क्षयरोग आणि फुप्फुसविकारांवर संशोधन करायचंय? वेळापत्रक जिवाणू ठरवतो

क्षयरोगाचा जिवाणू एकाचे दोन व्हायला १८ ते २४ तास घेतो. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल वातावरणात हेच काम २० मिनिटांत उरकतो. क्षयरोगावर संशोधन करू पाहणाऱ्या डॉक्टरच्या आयुष्यातलं बाकी सगळं या एका फरकातून येतं. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातला जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्याचा, निकाल यायला आठवडे लागतात, उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि रुग्ण खरोखर बरा झाला का, हे उपचार संपल्यावरही वर्षभर थांबल्याशिवाय सांगता येत नाही. दुसऱ्या विभागातला सहकारी तीन वर्षांत तीन अभ्यास संपवेल. तुमचा तेवढ्या वेळात एक पुरा झाला तरी चांगलं झालं म्हणायचं. ही संथ चाल आधीच मान्य केली आणि पुढची वर्षं तिच्या हिशोबाने आखली, तर हे काम मन लावून करण्यासारखं आहे. नाही आखली, तर अर्धवट पाठपुरावा, अपुरे नमुने आणि संपलेलं अनुदान एवढंच हाती राहतं.

कामाची निकड सांगायला एक आकडा पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात सुमारे १ कोटी ८ लाख माणसं क्षयरोगाने आजारी पडली आणि साडेबारा लाख दगावली. हा आजार औषधांनी बरा होतो, हे माहीत असूनही.

आधी डॉक्टर, मग संशोधक

देशागणिक पदव्यांची नावं आणि वर्षं बदलतात, पण साचा साधारण सारखाच असतो. वैद्यकीय पदवीची पाच-सहा वर्षं, मेडिसिन किंवा श्वसनविकाराच्या विशेष शिक्षणाची तीन ते सहा, आणि त्यानंतर संशोधनाची शिस्त शिकण्यासाठी पीएचडीसारखी तीन ते पाच. मधल्या काळात साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्राचा एखाद-दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून घेतला, तर पीएचडीतला बराच गोंधळ वाचतो. तो पीएचडीच्या आधी करा. अभ्यासाचा आराखडा मंजूर झाल्यावर शिकलेलं संख्याशास्त्र आधीच झालेली चूक ओळखायला उपयोगी पडतं, ती टाळायला नाही.

रुग्णसेवेच्या वर्षांत काही गोष्टी हाताखालून गेल्याच पाहिजेत. छातीचा एक्स-रे रेडिओलॉजिस्टचा अहवाल न बघता वाचायचा आणि मग ताडून पाहायचा. असे काही शे फोटो झाल्यावर नजर बसते. सोनोग्राफीच्या मदतीने फुप्फुसाच्या आवरणातलं पाणी काढणं, ब्राँकोस्कोपी (नळी घालून श्वासमार्ग आतून पाहणं), स्पायरोमेट्री (फुंकरीतून फुप्फुसांची क्षमता मोजणं) हे स्वतःच्या हाताने जमायला हवं. आणि निदान महिनाभर प्रयोगशाळेत बसा. काचपट्टीवरची १०० क्षेत्रं बघून झाल्याशिवाय 'जिवाणू दिसले नाहीत' असं लिहायचं नसतं, ही गोष्ट वाचून कळते. पण पन्नासाव्या क्षेत्राला डोळे का थकतात आणि घाईच्या दिवशी 'स्कँटी' म्हणजे १०० क्षेत्रांत १ ते ९ जिवाणू असलेल्या पट्ट्याच का निसटतात, हे तिथे बसूनच कळतं. पुढे तुमच्याच अभ्यासातल्या निकालांवर कितपत भरवसा ठेवायचा, हे त्या महिन्यात ठरतं.

प्रश्न कसा निवडावा

नवखा संशोधक बहुधा तंत्रापासून सुरुवात करतो: आमच्याकडे अमुक यंत्र आलंय, त्यावर काय करता येईल? ही दिशा उलटी आहे. ओपीडीत जिथे निर्णय अडतो तिथून सुरुवात करा. थुंकी देऊ न शकणाऱ्या लहान मुलाचं निदान कसं करायचं? उपचार पूर्ण झालेल्या माणसाला पायऱ्या चढताना धाप का लागते? घरातल्या कोणत्या व्यक्तीला प्रतिबंधक उपचारांची सर्वांत जास्त गरज आहे?

साध्या प्रश्नातून किती मोठं उत्तर निघू शकतं, याची दोन उदाहरणं डोळ्यांसमोर ठेवण्यासारखी आहेत. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या मद्रासच्या अभ्यासात १९३ रुग्णांपैकी काहींना सॅनेटोरियममध्ये आणि काहींना घरीच आयसोनियाझिड आणि पास ही क्षयरोगाची तीच दोन औषधं वर्षभर दिली. घरी राहिलेले रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाल्याचंही दिसलं नाही. जगभरातली सॅनेटोरियमं बंद होण्यामागे या अभ्यासाचा मोठा वाटा आहे. दुसरं उदाहरण २०२३ सालचं, झारखंडमधल्या 'रेशन्स' चाचणीचं. रुग्णाच्या घरातल्या माणसांना पुरेसं अन्न दिलं तर त्यांना क्षयरोग कमी होतो का, एवढाच प्रश्न. उत्तर आलं: सर्व प्रकारचा क्षयरोग मिळून ३९ टक्के कमी, आणि जिवाणू-तपासणीतून सिद्ध झालेला सुमारे ४८ टक्के कमी. दोन्हीकडे प्रश्न एका वाक्यात मावतो आणि उत्तराने निर्णय बदलतो. तुमच्या प्रश्नाला या दोन कसोट्या लावा. उत्तर 'हो' आलं किंवा 'नाही' आलं, तरी डॉक्टर उद्या तेच करणार असतील, तर तो प्रश्न सोडून द्या.

रुग्णसंख्येचं गणित आधी

नवी तपासणी किती रुग्ण अचूक पकडते हे मोजायचंय, असं समजा. संवेदनशीलता ८५ टक्के निघेल असा अंदाज आहे आणि उत्तर पाच टक्के इकडेतिकडे इतपत नेमकं हवंय. मग कल्चर पॉझिटिव्ह रुग्ण लागतील १९६. पण तपासायला येणाऱ्या शंभर जणांपैकी कल्चर पॉझिटिव्ह निघतात समजा २०. म्हणजे तपासावे लागतील ९८०. त्यातले दहाएक टक्के नमुने दूषित कल्चर, अपुरी थुंकी, मागे घेतलेली संमती यांत जातात, म्हणजे जवळपास १,०९०. दिवसाला चार रुग्ण आणि आठवड्याचे पाच दिवस धरले, तर ५५ आठवडे. '२०० रुग्णांचा छोटा अभ्यास' म्हणून सुरू झालेलं काम अडकतं ते इथे. १९६ हा आकडा पॉझिटिव्ह रुग्णांचा आहे, दाराशी आलेल्यांचा नाही, हे लक्षात घेतलेलं नसतं.

नव्या औषधयोजनेच्या चाचणीत गणित आणखी कडक होतं. नवी योजना जुनीपेक्षा फार वाईट नाही एवढंच दाखवायचंय. दोन्हीकडे अपयश १० टक्के धरलं आणि फरकाची मर्यादा १२ टक्क्यांची ठेवली, तर नेहमीच्या निकषांनी प्रत्येक गटात १३१ रुग्ण पुरतात. मर्यादा ६ टक्क्यांची केली की ५२५ लागतात. मर्यादा निम्मी, रुग्ण चौपट. ढिली मर्यादा घेऊन चाचणी स्वस्तात उरकण्याचा मोह मोठा असतो, पण १२ टक्के म्हणजे शंभरातले बारा जास्त रुग्ण बरे न होणं तुम्ही चालवून घेताय, हे स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवा.

कॅलेंडर भिंतीवर लावा

औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा. आजार उलटतो तो बहुतेकदा उपचार संपल्यानंतरच्या पहिल्या सहा ते बारा महिन्यांत. तेव्हा एका रुग्णामागे अठरा महिने धरा. एथिक्स कमिटी आणि इतर मंजुऱ्यांना तीन ते सहा महिने, रुग्ण नोंदवायला बारा, शेवटच्या रुग्णाचे अठरा, डेटा स्वच्छ करून विश्लेषणाला सहा. बेरीज ३९ ते ४२ महिने होते. तीन वर्षांच्या पीएचडीत हे बसत नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलेलं बरं.

यातून मार्ग तीन आहेत. आधीच नोंदवलेल्या रुग्णांच्या गटावर तुमचा प्रश्न बसवायचा. किंवा रुग्णनोंदणी आणि पहिल्या दोन महिन्यांचे निष्कर्ष पीएचडीत ठेवून उलटण्याचा भाग पुढच्या अनुदानात न्यायचा. किंवा एका टोकाला संथ अभ्यास सुरू ठेवून दुसरीकडे पद्धतशीर आढावा आणि जुन्या नोंदींचं विश्लेषण अशी सहा-आठ महिन्यांत संपणारी कामं घ्यायची. आमचं मत तिसऱ्याकडे झुकतं. संथ काम तुमचं नाव घडवतं, चटपटीत काम तोवर नोकरी टिकवतं.

आठवड्याची विभागणीही लेखी करून घ्या. रुग्णसेवेचे दिवस किती, संशोधनाचे किती, सुट्टीवरच्या सहकाऱ्याची ओपीडी कोण घेणार. तोंडी ठरलेले 'तीन दिवस संशोधनाचे' पहिल्याच साथीत संपतात. पण रुग्ण पाहणं पूर्ण सोडू नका. पुढचा प्रश्न तिथूनच मिळणार आहे.

थुंकीचा नमुना: सगळं इथे घडतं किंवा बिघडतं

पन्नास लाखांचं यंत्र तोंडातल्या लाळेतून जिवाणू शोधू शकत नाही. म्हणून अभ्यासातला सर्वांत महत्त्वाचा माणूस म्हणजे रुग्णाच्या हातात डबी देणारा कर्मचारी. त्याने सांगायचं ते इतकंच: साध्या पाण्याने चूळ भरा, दोनदा खोल श्वास घ्या, थोडा रोखून धरा, तिसऱ्या श्वासानंतर छातीतून जोरात खोका आणि जे वर येईल ते डबीत टाका. ३ ते ५ मिली हवं. सकाळी उठल्यावरचं पहिलं असेल तर उत्तम, कारण रात्रभराचा बेडका साचलेला असतो. पाकिस्तानात झालेल्या आणि २००७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, थुंकी कशी द्यायची हे नीट समजावून सांगितल्याने स्त्रियांमध्ये पॉझिटिव्ह निघण्याचं प्रमाण वाढलं. चारचौघांत खाकरून थुंकायला बाई संकोचते, ओठांवरची लाळ देते, आणि तिचा आजार कागदावर 'निगेटिव्ह' होतो. डबी देण्याची जागा मोकळ्या हवेत पण आडोशाला ठेवा.

थुंकी येतच नसेल तर ३ ते ५ टक्क्यांच्या मिठाच्या पाण्याची वाफ देऊन ती काढता येते. त्याआधी श्वासनलिका सैल करणारं साल्ब्युटामॉल द्या. खारी वाफ श्वासनलिका आवळते आणि दम्याच्या रुग्णाचा जीव घाबरा होतो. लहान मुलांत पहाटे उपाशीपोटी जठरातलं पाणी घेतात, पण ते आम्लधर्मी असतं. तपासणी लगेच होणार नसेल तर बायकार्बोनेट घालून आम्ल मारावं लागतं, नाहीतर जिवाणू वाटेतच मरतात.

डबी २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवा, गोठवू नका, आणि होईल तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवा. उशीर झाला आणि डबी तापली की तोंडातले इतर जंतू वाढतात आणि कल्चर दूषित होतं. प्रयोगशाळेत त्यांना मारायला सोडियम हायड्रॉक्साइड वापरतात. ते क्षयाच्या जिवाणूलाही मारतं, फक्त थोडं कमी. म्हणून १५ ते २० मिनिटांची मर्यादा घड्याळ लावून पाळायची असते. घन माध्यमावर ३ ते ५ टक्के कल्चर दूषित होणं ठीक समजलं जातं. प्रमाण त्याहून जास्त असेल तर वाहतूक तपासा. शून्यावर आलं तर आनंद मानू नका: बहुधा प्रक्रिया इतकी तिखट झालीय की तुमचेच जिवाणू मरताहेत आणि पॉझिटिव्ह रुग्ण निगेटिव्ह दिसताहेत.

कोणती तपासणी किती पाहू शकते, हे आकड्यांत माहीत हवं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसायला एका मिलीत ५ ते १० हजार जिवाणू लागतात. जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या जीन एक्सपर्ट तपासणीला साधारण १३१ पुरतात, त्याच्या अल्ट्रा आवृत्तीला १६. द्रव माध्यमातलं कल्चर त्याच पातळीला जातं, पण निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबवतं. घन माध्यमाला आठ आठवडे. अल्ट्राची नजर इतकी तीक्ष्ण की पूर्वी उपचार झालेल्या माणसाच्या छातीतल्या मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही तिला दिसतो. त्यामुळे आजार उलटला की नाही हे फक्त एक्सपर्टवर ठरवू नका, आणि उपचार लागू पडताहेत का हे पाहण्यासाठीही ती तपासणी वापरू नका. त्यासाठी जिवंत जिवाणू दाखवणारं कल्चर लागतं.

पहिल्या दिवसाचा जिवाणू उणे ८० अंशांना जपून ठेवा. दीड वर्षाने रुग्ण पुन्हा आजारी पडेल तेव्हा जुनाच जिवाणू परतलाय की बाहेरून नवीन लागण झालीय, हे दोघांचा संपूर्ण जनुकक्रम शेजारी ठेवूनच कळतं. जुना नमुना नसेल तर औषध कमी पडलं की वस्तीत संसर्ग जास्त आहे, याचं उत्तर कायमचं हातून जातं. अर्धे नमुने एका फ्रीझरमध्ये आणि अर्धे दुसऱ्या इमारतीत ठेवा, तापमान वाढल्यावर फोन वाजेल अशी घंटा लावा, आणि कोणती कुपी कुठे आहे याची वही रोजच्या रोज भरा. आणखी एक: एकाच दिवशी हाताळलेल्या दोन रुग्णांचे जिवाणू जनुकक्रमाने हुबेहूब निघाले, त्यातल्या एकाची एकच नळी उशिरा पॉझिटिव्ह आली आणि त्याला लक्षणंही नसतील, तर आधी प्रयोगशाळेतल्या शिंतोड्याचा संशय घ्या, मग संसर्गसाखळीचा पेपर लिहा.

बरा झाला, पण धाप थांबली नाही

क्षयरोगातून बरे झालेल्या अनेकांची फुप्फुसं पूर्ववत होत नाहीत. व्रण, श्वासनलिकांचं रुंदावणं, पोकळ्या, त्यात वाढणारी बुरशी. या विषयाला स्वतंत्र नाव आणि चर्चासत्र मिळायला २०१९ साल उजाडलं. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉश इथे तेव्हा पहिली आंतरराष्ट्रीय परिषद झाली. नव्याने येणाऱ्यासाठी ही जागा चांगली आहे. प्रश्न उघडे आहेत, साधनं परवडणारी आहेत, आणि ज्यांना 'तुम्ही बरे झालात' म्हणून घरी पाठवलं त्यांची दखल घेणारं कुणी नाही.

मुख्य साधन स्पायरोमेट्री. रोज तीन लिटरच्या सिरिंजने यंत्र तपासा. वाचन तीन टक्क्यांपेक्षा जास्त हललं तर त्या दिवशी रुग्ण बसवू नका. रुग्णाकडून किमान तीन चांगल्या फुंकरा हव्यात आणि त्यातल्या दोन उत्तम फुंकरांच्या पहिल्या सेकंदाच्या आकड्यांत १५० मिलीपेक्षा जास्त अंतर नको. प्रौढाला आठ प्रयत्नांपुढे दमवू नये. पहिल्या सेकंदात खोकला आला, सुरुवात कचरत झाली किंवा घसा मध्येच आवळला तर ती फुंकर बाद. नंतर ४०० मायक्रोग्रॅम साल्ब्युटामॉल देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा. बहुतेक वाईट आलेखांचं कारण यंत्र नसतं. तंत्रज्ञ हळू आवाजात 'फुंका' म्हणतो, हे असतं. ओरडून प्रोत्साहन द्यावं लागतं.

निरोगी माणसाचा अपेक्षित आकडा काढून देणारं सूत्र अभ्यासाच्या मध्यावर बदलू नका. यंत्राचं सॉफ्टवेअर अद्ययावत करताना ते गुपचूप बदलतं, आणि सहा महिन्यांत सगळ्यांची फुप्फुसं सुधारली किंवा खालावली असं दिसू लागतं. म्हणून लिटरमधले मूळ आकडे कायम जतन करा. संसर्गजन्य अवस्थेतल्या रुग्णाची स्पायरोमेट्री शक्यतो पुढे ढकला. स्पायरोमेट्रीच्या जोडीला ३० मीटरच्या सरळ मार्गिकेत सहा मिनिटांची चाल, धापेची श्रेणी आणि दैनंदिन जगण्याविषयीची प्रश्नावली घ्या. माणूस सांगतो ते आणि यंत्र सांगतं ते बऱ्याचदा जुळत नाही, आणि खरा शोध तिथेच असतो.

औषधांच्या चाचण्यांतून शिकण्यासारखं

१९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत औषध मिळालेल्या ५५ पैकी ४ आणि केवळ विश्रांती मिळालेल्या ५२ पैकी १४ रुग्ण सहा महिन्यांत दगावले. तिथेच थांबलं असतं तर स्ट्रेप्टोमायसिन रामबाण ठरलं असतं. पण अनेक रुग्णांत जिवाणू औषधाला निर्ढावले, आणि पुढच्या वर्षांत फायद्याचा बराच भाग ओसरला. एकट्या औषधाने क्षयरोगावर उपचार करायचा नाही, हा नियम तिथून आला, आणि पाठपुरावा लांब ठेवायचा, हाही.

२०१४ साली तोच धडा दुसऱ्या वाटेने आला. फ्लुरोक्विनोलोन गटातली प्रतिजैविकं असलेल्या चार महिन्यांच्या योजनांवरच्या तीन मोठ्या चाचण्या त्या वर्षी प्रसिद्ध झाल्या. आधीच्या अभ्यासांत या औषधांनी थुंकी लवकर स्वच्छ होत होती, त्यामुळे आशा मोठी होती. पण उपचार संपल्यावर सहा महिन्यांच्या योजनेच्या तुलनेत जास्त जणांचा आजार उलटला. दोन महिन्यांनंतरचं कल्चर निगेटिव्ह येणं म्हणजे बरं होणं नव्हे. २०२१ साली रिफापेंटिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या चार महिन्यांच्या योजनेने मात्र सहा महिन्यांच्या उपचारांची बरोबरी साधली. दोन्हींतला फरक अभ्यासायला एक आठवडा द्या. तुमच्या स्वतःच्या चाचणीचा मुख्य निकष ठरवताना तो कामी येईल.

औषधांच्या विषारीपणाकडेही तेवढंच लक्ष हवं. औषधरोधी क्षयावरच्या निक्स चाचणीत १०९ रुग्णांपैकी ९० टक्के बरे झाले, पण रोज १,२०० मिलिग्रॅम लिनेझोलिडमुळे ८१ टक्क्यांना हातापायांच्या नसांचा त्रास झाला. नंतरच्या चाचणीत ६०० मिलिग्रॅमने परिणाम टिकला आणि त्रास घटला. म्हणून प्रत्येक भेटीला पायाच्या अंगठ्याला कंपनकाटा लावा, रंग ओळखायला सांगा, रक्तपेशी मोजा. बेडाक्विलिन, क्लोफाझिमिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन एकत्र असतील तर ईसीजी ठरल्या दिवशीच काढा. क्यूटी अंतर (ईसीजीवरचं हृदयाच्या ठोक्याचं एक मोजमाप) ५०० मिलिसेकंदांच्या वर गेलं की औषध थांबवून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासायचं. रिफाम्पिसिन हे क्षयाचं औषध असेल तिथे गर्भनिरोधक गोळ्यांचा आणि रक्त पातळ करणाऱ्या बऱ्याच औषधांचा परिणाम घटतो, हे प्रत्येक सहभागीला स्वतः सांगा.

तुमची स्वतःची फुप्फुसं

थुंकी काढण्याची खोली आणि ब्राँकोस्कोपीची खोली या सर्वांत धोक्याच्या जागा. रुग्णाला साधा मास्क, तुम्हाला एन ९५, आणि तोही चेहऱ्यावर बसतो की नाही हे चाचणीने तपासलेला. दाढी असेल तर तो बसत नाही. खोलीतली हवा तासाला बारा वेळा बदलत असेल तर ९९ टक्के कण निघायला २३ मिनिटं लागतात, ९९.९ टक्क्यांना ३५. सहा वेळाच बदलत असेल तर वेळ दुप्पट. त्याआधी पुढचा रुग्ण किंवा सफाई कर्मचारी आत जाता कामा नये. रुजू होताना स्वतःचा एक्स-रे आणि रक्ततपासणी करून ठेवा, आणि दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर रुग्णाला सांगता तेच स्वतः करा.

विश्लेषणात कुठे फसतं

अभ्यासातून निघून गेलेले रुग्ण हे राहिलेल्यांसारखे नसतात. जास्त आजारी माणूस दगावतो, स्थलांतरित मजूर गावाला जातो, बरं वाटू लागलेला येणं थांबवतो. त्यांना वगळून काढलेली टक्केवारी तुमच्या उपचारांचं नाही, येत राहणाऱ्यांचं वर्णन करते. पहिल्याच दिवशी दोन फोन नंबर, एका नातेवाइकाचा नंबर आणि घराची खूण लिहून घ्या. घरी गेलेलं चालेल का हेही विचारा. आजाराचं नाव लिहिलेली गाडी दारात उभी करू नका, शेजाऱ्यांना कळलं की तो रुग्ण परत येत नाही.

नवी तपासणी अंतिम निदानाच्या निकषातच मिसळलेली असेल तर तिची कामगिरी फुगते. फक्त दवाखान्यात खंगून आलेल्यांवर तपासली तर वस्तीत ती तशी चालत नाही, कारण वस्तीतल्या सर्वेक्षणांत सापडणाऱ्या रुग्णांपैकी निम्म्या किंवा त्याहून जास्त जणांना खोकल्याची तक्रारच नसते. विश्लेषणाचा आराखडा डेटा उघडण्याआधी तारीख घालून लिहा, आणि चाचणीची नोंद सार्वजनिक नोंदवहीत पहिल्या रुग्णाआधी करा. नंतर केलेली नोंद चांगली नियतकालिकं स्वीकारत नाहीत.

मार्गदर्शक, पैसा, लिखाण

मार्गदर्शक दोन हवेत, एक रुग्णांच्या बाजूचा आणि एक प्रयोगशाळा किंवा संख्याशास्त्राच्या बाजूचा. निवडण्याआधी त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा: पहिला पेपर किती वर्षांत निघाला, नाव पहिलं होतं का, आणि डेटा कुणाकडे राहिला.

अंदाजपत्रकात विसरल्या जाणाऱ्या बाबी ठरलेल्या आहेत: रुग्णांचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी, थंड पेटीतली वाहतूक, दुसरा फ्रीझर, यंत्रांची देखभाल, सहभागींचा विमा, आणि डेटा सांभाळणारा पूर्णवेळ माणूस. शेवटचा नसेल तर ते काम रात्री तुम्ही कराल.

लिहिताना निरीक्षणात्मक अभ्यासाला स्ट्रोब, निदानाच्या अभ्यासाला स्टार्ड आणि चाचणीला कॉन्सॉर्ट या, पेपरमध्ये काय काय असावं हे सांगणाऱ्या, याद्या आराखडा करतानाच समोर ठेवा, पेपर पाठवण्याच्या आदल्या रात्री नाही. शब्दही जपून वापरा. 'संशयित' हा पोलीस ठाण्यातला शब्द आहे आणि 'डिफॉल्टर' कर्जबुडव्याचा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ च्या व्याख्यांत दुसऱ्या शब्दाच्या जागी 'पाठपुराव्यातून सुटलेला' असा शब्दप्रयोग आणला.

अभ्यास संपल्यावर ज्यांनी थुंकी, रक्त आणि दीड वर्षाचा वेळ दिला त्यांना निकाल त्यांच्या भाषेत, एका पानात पोहोचवा. त्यासाठीचा छपाई आणि प्रवासाचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकातच घालून ठेवा, कारण तेव्हा अनुदान संपलेलं असतं.